कुलूप पहिलं, अक्का दुसऱ्या

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी पाणी वाचवण्याचा खेळ तयार करत होतो. नोकरीच्या मुलाखतींत हे वाक्य मी दोन-तीनदा वापरलं आहे. दरवेळी समोरच्यांनी कौतुकानं मान हलवली आणि पुढचं कुणी विचारलं नाही. पुढचं असं झालं.

आमची कंपनी बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मालक धरून आम्ही दोघंच होतो, पण पाटीवर ‘ग्रुप’ असं लिहिलेलं होतं. त्या वर्षी मालकांना बाहेरगावच्या एका संस्थेचं काम मिळालं. संस्था शहरातल्या चार गल्ल्यांना स्वतःचे टँकर देत होती आणि तिला एक मोबाइल ॲप हवं होतं. लोकांनी पाणी वाचवावं, पण कुणाच्या धाकानं नाही, आनंदानं. संस्थेनं पाठवलेल्या कागदपत्रांत आनंद हा शब्द पानोपानी होता. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं होतं. तिथल्या अभ्यासक्रमात आनंदावर धडा नव्हता.

मालकांनी बैठकीतून दोन शब्द आणले होते, गेमिफाइड आणि अडॅप्टिव्ह. पहिला ते अभिमानानं उच्चारत, दुसरा जरा जपून. पहिल्याचा अर्थ असा, की काम खेळासारखं वाटलं पाहिजे. गुण, पदकं, कोण पहिला कोण शेवटचा, हे सगळं हवं. दुसऱ्याचा अर्थ असा, की सॉफ्टवेअरनं माणूस बघून स्वतःला बदललं पाहिजे. ज्याला जमतंय त्याला थोडं अवघड द्यायचं, ज्याला जमत नाही त्याला सोपं. शाळेत हे काम मास्तर करत असत आणि त्याला काही नाव नव्हतं.

संस्थेच्या चार गल्ल्यांपैकी एक आमची होती. मी तिथं एका घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली अक्का. त्या मूळच्या उदगीरकडच्या, लिंगायत, गळ्यात लिंग, पहाटे पूजा. पूजेला तांब्याभर पाणी लागायचं आणि पूजेनंतर तो तांब्या दारातल्या मोगऱ्याला जायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलत्या एका मुलीचं लग्न नांदेडला करून दिलं होतं. जावयानं दिवाळीत दिलेला फोन अक्का फडताळात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवत. त्या फोनवर मी आमचं ॲप घातलं. रोज संध्याकाळी अक्का आकडा सांगायच्या आणि मी भरायचो. संस्थेच्या भाषेत अक्का आमच्या पहिल्या वापरकर्त्या होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “पूजेचं पाणी धरायचं का न्हाई?”

मी म्हटलं, वापरलेलं सगळं धरायचं.

“ते वापरलेलं कुठं असतंय? ते देवाचं असतंय. आन् मोगऱ्याला गेलं म्हणजे दोनदा धरायचं का?”

मी मालकांना विचारलं. मालकांनी संस्थेला विचारलं. संस्थेनं उत्तर पाठवलं, की ॲपमध्ये फक्त पूर्ण घागरी मोजल्या जातात. अक्कांचा तांब्या त्या कारणानं सुटला. पण घागर म्हणजे किती? गल्लीत तांब्याच्या घागरी होत्या, स्टीलच्या होत्या, प्लास्टिकच्या तर प्रत्येक दुकानाच्या वेगळ्या. मालकांनी स्वतःच्या घरची घागर आणून मोजली आणि ती पंधरा लिटरची प्रमाण घागर ठरली. पुढं कळलं की तिच्या बुडाला डांबर लावलेलं होतं, आणि ती मालकांच्या घरीसुद्धा कुणी वापरत नव्हतं.

पदकांच्या चार पायऱ्या मी केल्या होत्या. थेंब, घागर, विहीर आणि सगळ्यांत वर धरण. चित्रंही चांगली जमली होती. अक्कांना दाखवली तर त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“मला धरण नको,” त्या म्हणाल्या. “धरण कोरडं हाय. थेंबच राहू दे.”

गल्लीत इतरांनीही तेच म्हटलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं धरण म्हणजे लोक गाड्या करून बघायला जात ती भेगाळलेली जमीन होती. धरणाचं पदक मिळालं म्हणजे शेवट जवळ आला, असं वाटणं स्वाभाविक होतं. मी ते पदक काढू का असं विचारलं, तर मालक म्हणाले की संस्थेच्या अध्यक्षांना नेमकं तेच आवडलं आहे.

शिवाय ॲपमध्ये एक झाड होतं. तुम्ही पाणी वाचवलंत की त्याला पालवी फुटायची, जास्त वापरलंत की ते माना टाकायचं. अक्कांचं फोनमधलं झाड महिनाभरात एवढं डवरलं, की पडद्यावर मावेना. त्याच महिन्यात दारातला मोगरा वाळला. तांब्याभर पाणी आता पूजेनंतर भांडी विसळायला जात होतं. अक्का फोन उघडून झाड बघायच्या, मग दाराकडं बघायच्या आणि म्हणायच्या, “याला फुलं येतेत का रे?” फुलं मी केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. आणखी काय करणार?

आणि सूचना. अडॅप्टिव्ह असल्यामुळं ॲप माणसाचा कल बघून बोलायचं. एखाद्या दिवशी एक घागर जास्त झाली, की लिहून यायचं, ‘आज थोडं जास्त झालं का?’ त्याखाली हसरा चेहरा. हे वाक्य मी फार विचार करून लिहिलं होतं. मवाळ, दोष न देणारं. अक्कांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

“अगदी माझी सासू,” त्या म्हणाल्या. “ती पन हसूनच म्हणायची.”

आता मुख्य चूक सांगतो. ती माझी होती, हे मालकांनी त्या वेळी सगळ्यांना सांगितलंच होतं.

प्रत्येक घराला एक लक्ष्य असायचं, म्हणजे दिवसाला किती घागरी. ते कसं ठरवायचं? मी सोपा हिशोब केला. मागच्या आठवड्यातला सर्वांत जास्त वापराचा दिवस घ्यायचा आणि त्यातून दहावा भाग वजा करायचा. वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. माणूस हळूहळू सवय लावतो, त्याच्या पाठोपाठ लक्ष्य खाली येतं. कागदावर फार सुंदर दिसत होतं. मग मालकांनी संस्थेच्या बैठकीत उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, की आपण टँकरसुद्धा अडॅप्टिव्ह करू. ज्या घराचं लक्ष्य जेवढं, तेवढ्याच घागरी टँकरवाल्यानं त्या दारात ओतायच्या. संस्थेनं टाळ्या वाजवल्या.

त्यामुळं झालं असं. पहिल्या आठवड्यात अक्कांनी खरा आकडा सांगितला, दहा. अक्का, मी, आणि येणारा-जाणारा. दुसऱ्या आठवड्यात टँकरनं नऊ दिल्या. नऊच आल्या म्हटल्यावर नऊच वापरल्या. ॲपला वाटलं, वा, जमलं. मग आठ. मग सात. दर सोमवारी अक्कांचं अभिनंदन व्हायचं आणि एक घागर कमी व्हायची. ज्याला आम्ही बचत म्हणत होतो ती कपात होती. सहा सोमवारांत आम्ही चार घागरींवर आलो. मी आंघोळ कंपनीच्या मोरीत करू लागलो. खालच्या बियाणांच्या दुकानात बोअर होती आणि दुकानदाराला पदकांची हौस नव्हती.

समोरच्या घरात एक निवृत्त गुरुजी राहत होते, दोघं नवराबायको. त्यांनी माझी पद्धत पहिल्याच दिवशी ओळखली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीस घागरी लिहिल्या. तीस घागरींत त्या दोघांनी काय केलं असेल, हे ॲपनं विचारलं नाही, कारण मी ते विचारायला शिकवलं नव्हतं. आम्ही चारावर आलो तेव्हा गुरुजी चौदावर होते. याद्यांत त्यांचा नंबर तळाशी असायचा आणि अंगणात त्यांचे ड्रम काठोकाठ असायचे. मला बघून ते म्हणायचे, “इंजिनिअर, पेपर सेट करणाऱ्यानं आधी कॉपी करून बघावी.”

यादी रोज लागायची. कमीत कमी पाणी वापरणारं घर सगळ्यांत वर. चारही गल्ल्यांत अक्का दुसऱ्या होत्या. पहिल्या नंबरावर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेलं एक घर होतं, शून्य घागरी. ते कुटुंब दुसऱ्या आठवड्यातच घराला कुलूप लावून पुण्याला मुलाकडं गेलं होतं. आकडा न भरणं आणि शून्य भरणं, यात फरक असतो, हे मी सॉफ्टवेअरला सांगायचं विसरलो होतो. कुलूप रोज शून्य घागरी वापरत होतं, रोज पदकं मिळवत होतं आणि त्याचं झाड सगळ्यांत मोठं होतं. मी ही चूक मालकांना दाखवली. ते म्हणाले, आता नको, संस्थेनं पहिल्या नंबरासाठी पाटी करायला टाकली आहे.

या सगळ्यात अक्कांना नंबराचं काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष मुलीकडं होतं. मुलीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांच्याकडं सांगावं लागत नाही. खोली पांढऱ्या मातीनं सारवून ठेवली होती, बाज कसून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. मुलगी येणार की नाही एवढाच त्या उन्हाळ्याचा प्रश्न होता, आणि तो नांदेडच्या विहीणबाईंच्या हातात होता.

विहीणबाई गोदावरीकाठच्या. त्या वर्षी नांदेडलाही टंचाई होतीच, पण नदीकाठच्या माणसाला लातूरकराची कीव यायला नदीत पाणी असावं लागत नाही. शिवाय त्यांच्याकडं आता पुरावा होता. जावयानं सासूच्या कौतुकापोटी आमचं ॲप घेतलं होतं आणि यादी आईला दाखवली होती. त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर लावला. त्यांना कानाला लावून बोललेलं खरं वाटत नसे.

“विहीणबाई, अभिनंदन,” पलीकडून आवाज आला. “चार गल्ल्यांत दुसरा नंबर म्हणे तुमचा. चार घागरी.”

“हाव,” अक्का म्हणाल्या.

“चार घागरींच्या घरात बाळंतीण कशी पाठवू? तिचंच रोजचं चार घागरींचं होतंय. बाळाचं तर अजून धरलंच न्हाई.”

मग पलीकडून आवाज मऊ झाला, आणि तोच जास्त लागला. “राग मानू नका. इथं ठेवून घेते मी. लेकीसारखी बघते.”

फोन ठेवल्यावर अक्का करंड्याचं झाकण उघडून परत लावत बसल्या. मी म्हटलं, अक्का, उद्या दहा घागरी लिहितो. परवा पंधरा. सोमवारी लक्ष्य वर जाईल.

“झाल्या किती?”

“चार.”

“मग चार लिही. लिंगावर हात ठेवून दिवस काढले म्या. पोरीच्या बाळंतपणाला खोटं पानी न्हाई घालायचं.”

म्हणून मी सरळ मार्ग धरला. कागदपत्रांत एक कलम होतं, घरात माणूस वाढलं तर लक्ष्य वाढवता येईल. मी अर्ज केला. संस्थेचं उत्तर तत्परतेनं आलं, की नवं माणूस घरात राहायला आल्यानंतर त्याची नोंद करावी. मी लिहिलं, की पाणी वाढल्याशिवाय माणूस येणार नाही. संस्थेनं लिहिलं, की माणूस आल्याशिवाय पाणी वाढणार नाही. मी मालकांना म्हटलं, हे कलम कुणी लिहिलं? मालक म्हणाले, तूच. मी पाहिलं. मीच लिहिलं होतं. ‘खोट्या नोंदी टाळण्यासाठी,’ असं कारणही दिलं होतं.

त्याच सुमारास कार्यक्रम ठरला. रविवारी संध्याकाळी, आमच्याच गल्लीत, कारण पहिला आणि दुसरा नंबर दोन्ही आमचे आणि चार गल्ल्यांत आमची गल्ली पहिली. मांडव, मोठा पडदा, पडद्यावर यादी चालू स्थितीत, म्हणजे डोळ्यांदेखत बदलती. ही कल्पना मालकांची. प्रमुख पाहुणे माझ्याच गावचे होते.

माझं गाव तालुक्याचं आहे आणि मला कळतंय तेव्हापासून ते जिल्हा होणार आहे. निवडणूक आली की होणार, अधिवेशन आलं की होणार, कुणाचा वाढदिवस असला तरी होणार. बसस्टँडसमोरच्या एका झेरॉक्सवाल्यानं तर ‘जिल्हा झेरॉक्स’ अशी पाटी लावून ती पाटी झिजेपर्यंत वाट पाहिली आहे. प्रमुख पाहुणे या नव्या जिल्ह्याच्या कृती समितीचे अध्यक्ष. ते आधी आमच्या ऑफिसात आले, ॲप हातात घेतलं आणि जिल्ह्यांची यादी उघडली. नांदेड होतं, लातूर होतं. त्यांनी विचारलं, “आपला कुठंय?”

मी म्हटलं, अजून झाला नाही, साहेब.

“शासनाचं राहू द्या. तुमच्यात तर करा.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी जिल्हा टाकला. जिल्हा निर्माण करायला मला पाच मिनिटं लागली. त्यातली चार चहा यायला लागली. अध्यक्षांना एवढा आनंद झाला की त्यांनी नव्या जिल्ह्याची वेगळी यादी मागितली. ती उघडली तर तिच्यात एकच नाव होतं, माझे वडील, कारण मी त्यांच्या फोनवर चाचणी घेतली होती. वडिलांना त्या दिवशी संदेश गेला, आपण जिल्ह्यात पहिले आहात. त्यांनी मला फोन करून विचारलं, कशात? मी सांगितलं, पाण्यात. ते म्हणाले, मग दुसरा कोणी न्हाई का जिवंत?

शनिवारी विहीणबाईंचा पुन्हा फोन आला. जावयाला रविवारी सुट्टी आहे, जीप करून येतो, सुनेला सोबत आणतो. डोळ्यानं बघू. पाणी दिसलं तर ठेवून जाऊ, न्हाई तर त्याच जीपनं परत. त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. त्यांनी सातव्या महिन्यातल्या पोरीला चाकूर-अहमदपूरच्या रस्त्यावरून एका दिवसात दोनदा न्यायची तयारी केली होती, म्हणजे त्यांनाही मनातून ती इथंच राहावी असं वाटत असणार. पण रिकाम्या रांजणाच्या घरात सून सोडून आल्या, हे त्यांना नांदेडात सांगता आलं नसतं.

अक्कांनी रांजण उघडून बघितला. चार घागरींतल्या दोन संपल्या होत्या.

रविवारी सकाळी टँकर गेला आणि समोरून गुरुजी आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर घागर. ती त्यांनी अक्कांच्या ओट्यावर ठेवली.

“हे काय?” अक्का म्हणाल्या.

“बाळंतविडा.”

“बाळंतविड्याला लुगडं देतेत, गुरुजी.”

“लुगडं पोरीच्या नशिबात लई येतील. चौथीला होती ती माझ्याकडं. पाढे कच्चे होते, तेव्हा काही देता आलं नाही.” ते टेकले, दम घेतला. “बघा अक्का, तुमच्या खऱ्याला चार घागरी मिळतात, माझ्या खोट्याला चौदा. या वयात मला ते पचून नाही राहिलं. एवढं तरी घ्या.”

बाळंतविडा नाकारता येत नाही. तो मुलीचा असतो, आईनं नाही कसं म्हणावं? अक्कांनी घागरीला हळदकुंकू लावलं आणि रांजणात ओतली. एवढंच झालं असतं तर गोष्ट गुरुजींच्या नावावर राहिली असती. पण आमच्या गल्लीत एका घरून बाळंतविडा आला आणि बाकीच्यांकडून आला नाही, असं होऊ शकत नाही. शेजारच्या घरातलं पोळपाट-लाटणं थांबलं. अर्ध्या तासात दुसरी घागर आली, मग दोन बरोबर. प्रत्येकजण म्हणत होता, लुगडं नंतर. गल्लीत बावीस घरं. कुलपाचं आणि अक्कांचं सोडून वीस. अकरा वाजेपर्यंत वीस घागरी आल्या. रांजण भरला, घंगाळ भरलं, पिंप भरलं, उरलेलं गुरुजींनी समोरून पाठवलेल्या दोन रिकाम्या ड्रमांत भरलं.

मग अक्कांनी मला हाक मारली. “लिही. वीस आल्या, चार टँकरच्या. चोवीस.”

मी म्हटलं, अक्का, आज नको. संध्याकाळी पडद्यावर यादी दिसणार आहे. या तर तुम्हाला लोकांनी दिलेल्या घागरी आहेत, वापरलेल्या नाहीत.

“देल्यालं लिहायची जागा हाय का त्याच्यात?”

नव्हती. ज्या गावात पाहुण्याला आधी तांब्या देतात आणि मग नाव विचारतात, त्या गावासाठी मी पाण्याचं ॲप केलं होतं आणि त्यात द्यायची सोयच केली नव्हती. वापरलं किंवा वाचवलं, दोनच रकाने. मी चोवीस लिहिलं. फोनमधल्या झाडानं सगळी पानं एकदम टाकली, मी केलेल्या फुलांसकट. खाली अक्षरं आली, आज थोडं जास्त झालं का?

“झालं,” अक्का फोनला म्हणाल्या आणि तो करंड्याशेजारी ठेवून दिला.

संध्याकाळी पाच वाजता मांडवात पडदा उजळला तेव्हा मालक भाषणाच्या तयारीत होते, त्यामुळं त्यांनी मागं पाहिलं नाही. गल्ल्यांच्या यादीत आम्ही चौथे होतो. वीस घागरी ज्यांनी दिल्या त्यांच्याही नावावर लागल्या होत्या आणि अक्कांच्याही. ॲपच्या मते त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकरनं आणलेल्या पाण्यापेक्षा तीनशे लिटर पाणी जास्त होतं. रेल्वेनंसुद्धा एवढं सहज आणलं नव्हतं. घरांच्या यादीत दुसरा नंबर भलत्याच गल्लीत गेला होता. पहिला मात्र ढळला नव्हता. शून्य घागरी.

मालकांच्या ध्यानात आलं तेव्हा अध्यक्ष बोलायला उभे राहिले होते. नव्या जिल्ह्यावर अर्धा तास बोलून ते पाण्याकडं वळले. पहिल्या नंबराच्या कुटुंबाबद्दल म्हणाले, की अशा कुटुंबांच्या तपावरच नवे जिल्हे उभे राहतात. कुटुंब पुढं यावं, असं पुकारलं गेलं. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मग गुरुजी मागून शांतपणे म्हणाले, “साहेब, ते फार साधे आहेत. घरातून बाहेरच पडत नाहीत.”

अध्यक्षांना हे फार भावलं. आपणच त्यांच्या दारी जाऊ, असं ते म्हणाले. सगळा मांडव उठून गल्लीच्या तोंडाशी गेला. दाराला कुलूप, कुलपावर धूळ, कडीला जाळं. अध्यक्ष क्षणभर थांबले. पण मागं फोटोवाला तयार होता आणि हातात पाटी होती. त्यांनी हार कुलपालाच घातला. ‘जलवीर कुटुंब’ ही पाटी संस्थेच्या माणसानं चौकटीवर ठोकली. टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात गुरुजींनी वाजवल्या.

या गर्दीत मांडवापलीकडं एक जीप अडकून हॉर्न देत होती. जावई उतरला, मग विहीणबाई, मग मागच्या सीटवरून हात धरून मुलगी. विहीणबाईंनी टपावरून दोन कॅन उतरवून घेतले. नांदेडचं पाणी. लातूरला येताना सोबत पाणी आणावं लागतं, असं त्यांनी गृहीत धरलेलं होतं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. चार गल्ल्यांची सगळी घरं, वरून खाली. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली. अक्का दुसऱ्या नंबरावर नव्हत्या. विसाव्या नव्हत्या. विहीणबाई सबंध यादी उतरून तळाशी आल्या. सगळ्यांत शेवटी, लाल अक्षरांत, अक्कांचं घर. चोवीस घागरी.

मी त्यांच्याकडं बघत होतो. या ॲपच्या आयुष्यात एवढ्या काळजीनं यादी वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

अक्का पुढं आल्या. विहीणबाई म्हणाल्या, “एकदम शेवटून पहिल्या?”

“हाव,” अक्का म्हणाल्या. त्यांची मान खाली होती.

“चोवीस घागरी? एका दिवसात?”

“खोटं न्हाई. आत येऊन बघा.”

विहीणबाई आत गेल्या. रांजणाचं झाकण उचललं, घंगाळ पाहिलं, परसात जाऊन ड्रमवर बोटानं टिचकी मारली. भरलेल्या ड्रमचा आवाज मोठा नसतो. बाहेर येऊन त्या जावयाला म्हणाल्या, “पिशव्या उतरव.” मग अक्कांना, जरा तोऱ्यात, कारण हरल्यावर तोरा सोडणं विहिणीला शोभत नाही, “एवढं पाणी असून आम्हाला चारच घागरी दाखवत होत्या होय? विहीणबाई, लई आतल्या गाठीच्या बघा तुम्ही.”

अक्कांनी मुलीच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं.

सोमवारी ॲपनं हिशोब केला. सर्वांत जास्त वापराचा दिवस चोवीस, दहावा भाग वजा, एकवीस. टँकरवाल्यानं यादी बघितली आणि अक्कांच्या दारात एकवीस घागरी ओतल्या. सॉफ्टवेअरनं माणूस बघून स्वतःला बदललं होतं. अक्कांनी त्यातल्या दहा ठेवल्या आणि बाकीच्या ज्यांच्या त्यांच्या घरी परत पाठवायला सुरुवात केली, रोज थोड्या. मला त्यांनी ते लिहायला सांगितलं, आणि त्यासाठी मी तिसरा रकाना केला, ‘दिल्या’. मालकांनी तो काढून टाकायला लावला. त्यानं संस्थेची बेरीज जुळत नव्हती. तोपर्यंत तसंही संस्थेचं लक्ष दुसऱ्या एका जिल्ह्यात गेलं होतं. खऱ्या.

कुलपाचं कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतलं. चौकटीवर पाटी, कुलपात वाळलेला हार. आत कुणी गेलंबिलं की काय, म्हणून ते आधी घाबरले. टँकरवाल्यानं त्यांच्या दारात थांबून यादी पाहिली, शून्य, आणि पुढं गेला. गुरुजींनी त्यांना दोन घागरी दिल्या आणि पाटी वाचून दाखवली.

अक्कांना नात झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. ॲप जवळजवळ बंद पडलं होतं, पण अक्का आकडा सांगायच्या आणि मी भरायचो.

“बारकीच्या आंगोळीला अर्धी घागर,” त्या म्हणाल्या.

ॲप पूर्ण घागरीच घेत होतं. मी वर जाऊन एक ओळ बदलली आणि खाली येऊन अर्धी लिहिली. नांदेडहून त्याच संध्याकाळी फोन आला. विहीणबाई अजूनही यादी बघत होत्या.

“अर्धी कुणाची?” त्यांनी विचारलं. अक्कांनी सांगितलं.

“कामून अर्धी?” विहीणबाई म्हणाल्या. “उद्यापासून पूर्ण लिवायला सांगा.”